प्रिएनी एका दिवसात होईल का? आईचे गुडघे दुखतात

प्रश्न: पुढच्या महिन्यात तुर्कस्तानात कुशादासीला मुक्काम आहे, इफेससचे प्राचीन अवशेष नक्की बघणार. एक दिवस हाताशी उरतोय तर प्रिएनीला जावं असं फार मनात आहे, काटकोनात आखलेल्या रस्त्यांचं प्राचीन ग्रीक शहर म्हणून खूप ऐकलंय. पण आई बरोबर आहे, ६८ वर्षांची, पायऱ्या जमत नाहीत. न्यावं का तिला?

उत्तर १: न्या की! मी गेलो तेव्हा गर्दी अशी नव्हतीच, पाइनची झाडं आणि वारा. गाव मिकाले डोंगराच्या उतारावर आहे, त्यामुळे गाडी लावल्यावर दरवाजापर्यंत चढ लागतोच, तिथे दमाने घ्या. पण एकदा आत गेलात की नकाशा नीट बघा, पूर्व-पश्चिम रस्ते उताराला आडवे काढलेत म्हणून बऱ्यापैकी सपाट आहेत, आणि उत्तर-दक्षिण गल्ल्या म्हणजे चक्क जिने. म्हणजे आईंनी आडव्या रस्त्यानेच चालायचं. दगड गुळगुळीत झालेत, बूट चांगल्या ग्रिपचे घाला.

उत्तर २: वरच्याशी सहमत. सभागृह अजिबात चुकवू नका, ६४० माणसं बसतील एवढं, तीन बाजूंना दगडी पायऱ्यांची बैठक, मधे वेदी. आई तिथे निवांत बसतील. थिएटरही जवळच आहे, पुढच्या रांगेत मानकऱ्यांच्या संगमरवरी खुर्च्या आहेत, त्यांचे पाय सिंहाच्या पंजासारखे कोरलेत. अथेना देवीच्या देवळाचे ५ खांब परत उभे केलेत, अलेक्झांडरने ते देऊळ अर्पण केल्याचा कोरीव दगड मात्र आता लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्याचं मला वाईट वाटतं, तो तिथेच हवा होता.

प्रश्नकर्ता: थँक्यू! आणि खालची व्यायामशाळा? भिंतीवर पोरांनी नावं कोरलीयेत म्हणे?

उत्तर १: हो, "अमक्याची जागा" असं शेकडो वेळा! सिंहाच्या तोंडातून पाणी यायचं ती धुण्याची कुंडंही आहेत तिथेच. पण ती अगदी खाली आहे, जाताना ठीक पण परत येताना सगळा चढ. आईंना सभागृहात बसवा आणि तुम्ही एकटेच उतरून या, अर्धा तास पुरेल. देवळापाशी उभं राहून खालचं मैदान बघा, मिअँडर नदीने गाळ टाकून टाकून समुद्र मागे ढकललाय, आता नुसती शेतं दिसतात.

उत्तर ३: सकाळी लवकर निघा, दुपारी जवळचं मिलेटस हे दुसरं प्राचीन शहर करा. असे आखीव रस्ते ज्याच्या नावाने ओळखतात तो नगररचनाकार हिप्पोडॅमस तिथलाच. आई दमल्या तर डिडिमाचं अपोलोचं देऊळ सोडून द्या, प्रिएनी घाईत उरकू नका.