पारा उणे ५० वर जाईल कसा?

प्रश्न
परवा बातमी वाचली, 'सैबेरियात पारा उणे ५० अंशांवर'. पण पारा उणे ३९ च्या आसपासच गोठून घट्ट होतो ना? मग तो ५० पर्यंत उतरला कसा? 'पारा' म्हणजे नुसतं 'तापमान' असं आता धरायचं का? आणि शब्द मूळचा कुठला?

प्रतिसाद १
धरायचंच. एवढ्या थंडीत अल्कोहोल भरलेला तापमापक लागतो. बातमीतला पारा नळीतून केव्हाच बाहेर पडलाय. घरातल्या डिजिटल थर्मामीटरमध्ये त्याचा थेंबही नसतो, तरी बाबांचा पारा चढतोच! फॅरेनहाइटने पाऱ्याचा तापमापक १७१४ मध्ये केला. 'पारा चढणे' हा वाक्प्रचार त्या नळीच्या ओळखीनंतरचाच असणार. रक्तदाबाचे १२० आणि ८० हे आकडेही अजून पाऱ्याच्या मिलिमीटरांतच मोजतात.

प्रतिसाद २
संस्कृतात 'पारद'. रसेश्वर दर्शनात, म्हणजे पाऱ्याच्या साधनेनं मुक्ती मिळते असं मानणाऱ्या शैव मतात, फोड केलीय ती अशी: संसाराचा 'पार', म्हणजे पैलतीर, देणारा तो पारद. मला ही जरा ओढूनताणून वाटते, पण पाऱ्याकडे ती मंडळी कोणत्या नजरेनं बघत ते त्यातून कळतं. त्याचं दुसरं नाव 'रस', त्यावरून रसशास्त्र, म्हणजे आयुर्वेदातलं धातू-खनिजांच्या औषधांचं शास्त्र, आणि ती औषधं बनवायची रसशाळा.

खरी गंमत तिथल्या क्रियापदांत आहे. रसशास्त्रात पाऱ्याला मूर्च्छित करतात, बांधतात, मारतात. तापवला की तो उडतो, म्हणून हा सगळा बंदोबस्त. गंधकाबरोबर खलात घोटला की काळी कज्जली होते. ती काचेच्या कुपीत भरून वाळूच्या आचेवर तापवली की कुपीच्या गळ्याशी लाल थर जमतो, तो रससिंदूर. नावात सिंदूर असला तरी हा देवाला लावायचा शेंदूर नव्हे. शेंदूर शिशाचा, तर रससिंदूर आणि हिंगूळ हे लाल खनिज, दोन्ही पारा-गंधकाचे. लाल दिसलं की शेंदूर म्हणायची आपली सवय इथे नडते.

प्रतिसाद ३
'आरशाचा पारा उडालाय' हे राहिलंच की! पूर्वी काचेमागे कथिलाच्या पत्र्यावर पारा चढवत. १८३५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगनं चांदीचा मुलामा देण्याची रीत काढली आणि पुढे पारा मागे पडला, पण आपण अजून पाराच उडवतो. दाताचं बरोबर उलटं. 'दाढेत चांदी भरली' म्हणतो, त्या चांदीत निम्म्याच्या आसपास पारा असतो.

प्रतिसाद ४
लहानपणी आमच्याकडे थर्मामीटर फुटला. फरशीवरच्या गोळ्या चिमटीत येईनात, एकीच्या चार होत. वाफ विषारी असते हे कुणाला ठाऊक! आईनं त्या बोटांनी गोळा केल्या आणि तिची सोन्याची अंगठी पांढरीफटक पडली. सोनाराकडे न्यावी लागली. सोनं पाऱ्यात विरघळतं, लोखंड मात्र त्याला दाद देत नाही, म्हणून पारा लोखंडी बाटल्यांत भरून विकत. आणि जड किती! पाण्याच्या साडेतेरा पट.

प्रतिसाद ५
लेखनाचंही बघा. 'पारा'चं सामान्यरूप 'पाऱ्या-', म्हणून 'पाऱ्यावर', 'पाऱ्याचा'. 'पारावर' लिहिलंत तर तुम्ही वडाखाली गप्पा मारायला बसलात.

प्रश्नकर्ता
बसलोच आहे. रससिंदुराबद्दल आणखी लिहा.