अनुभव धागा : पेन्शनीवर आलेले मेजर

आमच्या साताऱ्याकडे पलटणीतून परतलेल्या प्रत्येकाला गाव 'मेजर' म्हणतं, हुद्दा काही का असेना. आमचे दादा हवालदार म्हणून पेन्शनीवर आले आणि मरेपर्यंत मेजर राहिले. यंदा ज्येष्ठात गेले. भेटायला आलेल्यांनी पराक्रमाच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या. त्यांतल्या निम्म्या मी पहिल्यांदाच ऐकत होतो, तेव्हा खऱ्या-खोट्याचं देव जाणे. मला हव्यात त्या खोडी. तुमच्या घरातल्या फौजीच्या, विशेषतः ज्याचा पाय घरात ठरत नव्हता अशाच्या. सुरुवात मी करतो.

दादा माणसं मोजायचे. दर हिवाळ्यात आम्हा भावंडांची नि चुलत-मावस पोरांची वरात वासोटा किल्ल्याला निघायची. बामणोलीहून लाँचने कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडायचा, पुढे जंगल. दादा ओळीत सगळ्यांत मागे. थांबलो की प्रत्येकाच्या पाठपिशवीवर बोटाने टकटक आणि पुटपुटत आकडा. एखादं पोरगं झाडामागे गेलेलं असलं तरी ते येईपर्यंत ओळ हलायची नाही. बहिणीच्या लग्नात तर वऱ्हाडाच्या एसटीत चढून त्यांनी व्याह्यांच्या टोपीलाही बोट लावलं. आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

१९७१ ला ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, जंगी पलटणीत, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला होते. ११ डिसेंबरला तिथलं पाकिस्तानी ठाणं पडलं. घरात यावर अवाक्षर नाही. एकदाच, नागेश्वरच्या वाटेवर तीन दगडांवर चहा उकळत होता आणि इनॅमलचे जास्तीचे मग मला वाहायला लावले म्हणून मी कुरकुरत होतो. दादा म्हणाले, "त्या सकाळी चहा आला, आन् आमच्या सेक्शनचे चार मग उरले." एवढंच. पुढे चुलीत काटक्या सारत बसले.

*

सांगलीहून लिहितेय. माझ्या लहानपणी वडील म्हणजे सुट्टीत येणारा पाहुणा. काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव, आणि दरवेळी तोच प्रश्न, "कितवीला गं तू?" राग यायचा. खोटं कशाला बोलू, अजूनही येतो.

पेन्शनीवर आल्यावर त्यांनी साखर कारखान्यावर वॉचमनची नोकरी धरली आणि रविवारी कृष्णेवर गळ टाकून बसायला लागले. आईने भाकरी घेऊन मला पाठवलं की मी तिथेच रेंगाळायची. कणकेच्या गोळ्या करायचं काम माझ्याकडे आलं. फार सैल झाली की पाण्यात विरते, फार घट्ट झाली की मासा तोंड लावत नाही. बोलणं असं नव्हतंच. दोरी हलली की भुवई उचलायचे. आमची ओळख झाली ती तिथे, मी चौदा वर्षांची असताना.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. बाबांनी दोन दिवस आधीच जिन्याच्या पायऱ्यांवर खडूने खुणा करून, दर तासाला बॅटरी घेऊन बघायला सुरुवात केली होती. चौथ्या पायरीला पाणी लागताच शेजारची तिन्ही घरं उठवली, म्हशींची दावी आधी सोडायला लावली. लोक हसत होते त्यांना. संध्याकाळपर्यंत हसत होते.

*

आजोबा खडकीचे, बॉम्बे सॅपर्स, म्हणजे फौजेतले पूल-रस्ते बांधणारे इंजिनियर. कळसूबाईला मला पहिल्यांदा त्यांनीच नेलं. बाकी विशेष नाही, पण ते गेल्यावर माळ्यावरची गाठोडी सोडवताना एकही गाठ कापावी लागली नाही. टोक ओढलं की सुटत होती.

*

मी फौजीची मुलगी नव्हे, बायको. तुमचं सगळ्यांचं वाचलं. त्यांचे डोंगर तुम्हाला गोड. चिखलाचे बूट आणि घामाचे कपडे मी धुतलेत. सव्वीस वर्षं '५६ ए.पी.ओ.' या फौजी टपालाच्या पत्त्यावर "इकडील सर्व ठीक" लिहिलं, सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हाही तेच लिहिलं. घरी आले ते पहाटे पाचला पांघरुणाच्या चार कोपऱ्यांची घडी करायला. मी अजून पांघरुणात असले तरी.

एक मात्र खरं. पेन्शनीच्या पहिल्या पावसात मला म्हणाले, चल, सज्जनगडाला जाऊ. माझं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर, पण गड चढायला कुणी नेलंच नव्हतं. पायऱ्यांवर माझी पिशवी त्यांनी घेतली, आणि गावातली माणसं दिसली तरी परत दिली नाही.

*

धागाकर्त्यांसाठी. बहुधा १९९८, डिसेंबर. वासोट्याहून उतरताना आमच्या कॉलेजच्या टोळीला हिरव्या स्वेटरमधले एक आजोबा भेटले. सोबत सात-आठ पोरं. अंधार पडत आला होता, म्हणून आम्हालाही आपल्या ओळीत घेतलं, काठावर पोचल्यावर आमच्याही पाठीवर टकटक केली आणि म्हणाले, "अकरा." आम्ही दहा होतो. घाबरून पुन्हा मोजलं, दहाच. लाँच सुटली तेव्हा कळलं, त्यांनी लाँचवाल्याला धरलं होतं.

*

धागाकर्ता : तेच ते. स्वेटर आईने विणलेला. लाँचवाला तेराव्याला आला होता. आता त्याचा मुलगा लाँच चालवतो. जेवायला बस म्हटलं तर आधी विचारलं, "पंगतीला किती जण धरलेत?"