गावचा लँडलाईन ठेवू की काढू? बिल वाचवायचंय पण फसायचं नाहीये

गुहागरची_लेक:
नमस्कार मंडळी. आईबाबा गावी दोघंच असतात, गुहागर तालुक्यात, मेन रोडपासून बरंच आत. बाबा ७८, आई ७२. घरात जुना तांब्याच्या वायरीचा लँडलाईन आहे, बिल टॅक्स धरून साधारण ३५० येतं आणि त्यावरून महिन्याला मोजून पंधरावीस फोन होत असतील, बाकी सगळे आम्हीच इकडून लावतो. वर दोघांच्या मोबाईलचे रिचार्ज वेगळे. आणि मोबाईलला घरात रेंजच नाही, अंगणात फणसाखाली जाऊन उभं राहिलं तर एक दांडी येते, पावसाळ्यात कोण जाणार तिथे.

आता परवा एक मुलगा घरी येऊन सांगून गेला की तांब्याची लाईन बंदच होणारे, फायबर घ्या, ३९९ मध्ये नेट पण आणि फोन पण फुकट, आणि वर्षाचे पैसे आजच्या आज भरले तर जोडणीचे पैसे लागणार नाहीत. बाबा लगेच कपाट उघडायला उठले, आईने अडवलं, म्हणाली लेकीला विचारू आधी. भाऊ म्हणतो कशाला हवाय लँडलाईन, काढूनच टाका. मला खर्च कमी झाला तर हवाच आहे पण रात्री-बेरात्री काही झालं तर फोन लागला पाहिजे, एवढंच. कोणी केलंय का असं? काय काय बघायचं?

ठाणेकर_डोंबिवलीत:
भाऊ बरोबर बोलतोय. आमच्याकडे काढला चार वर्षांपूर्वी, कोणाला आठवण पण येत नाही. फुकटचं भाडं भरत बसायचं कशाला.

गुहागरची_लेक:
दादा तुमच्याकडे रेंज आहे हो 😀

हिशेबनीस:
आधी आकडे नीट मांडा. ३९९ म्हणजे ३९९ नाहीत, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७१ रुपये. वर्षाचे झाले ५६५२. आत्ता तुम्ही ३५० गुणिले १२ म्हणजे ४२०० भरताय. म्हणजे तो जे "स्वस्त" म्हणून विकतोय ते तुम्हाला वर्षाला साडेचौदाशेने महाग पडतंय, आणि नेट आईबाबा वापरणार नसतील तर ते पैसे पाण्यात. तुम्ही व्हिडिओ कॉल करणार असाल, नातवंडं दिसणार असतील तर गोष्ट वेगळी, मग ते साडेचौदाशे वसूल आहेत असं मी म्हणेन.

आणि वर्षाचे पैसे एकदम अजिबात भरू नका. जोडणी फुकट मिळते त्याच्या मोहात माणूस बारा महिन्यांचा अडकतो, आणि दोन महिन्यांनी लाईन महिन्यात दहा दिवस बंद राहायला लागली की पैसे परत मागायला कोणाच्या दारात जायचं? पहिले तीन महिने महिन्याचे महिन्याला भरा, जोडणीचे जे काय पडतील ते पडू देत, एक पावसाळा काढू द्या त्याला, मग बघा वर्षाचं. अजून एक, गावात बऱ्याच ठिकाणी कंपनीचा माणूस येतच नाही, केबलवाला मध्ये असतो. तो रोख घेतो आणि वहीत लिहितो. पैसे कंपनीच्या ॲपवर किंवा साईटवर भरा, नाहीतर निदान कंपनीच्या नावाची पावती घ्या. आणि राउटर भाड्याने दिलाय, डिपॉझिटवर दिलाय का विकत दिलाय हे लिहून घ्या, कारण कनेक्शन बंद करताना तोच डबा परत मागतात आणि परत दिल्याची पावती नसेल तर त्याचे पैसे लावतात.

जुना_लाईनमन:
लेकी, मी टेलिफोन खात्यात लाईनवर होतो, पंचवीस वर्षं खांबावर चढलोय, आता रिटायर. तू विचारलंस ना रात्री फोन लागला पाहिजे, खरा मुद्दा तोच आहे आणि तो मुलगा त्याबद्दल एक शब्द बोलला नसणार.

तांब्याच्या फोनला घरची लाईट लागत नाही. एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टची बॅटरी असते, त्याच वायरीतून तुमच्या फोनला करंट येतो, म्हणून अख्खं गाव अंधारात असलं तरी रिसिव्हर उचलला की टोन यायचा. फायबर म्हणजे काच, काचेतून वीज जात नाही. घरातला तो फायबरचा डबा लाईटवर चालतो, लाईट गेली की डबा बंद, डबा बंद की फोन मुका. कोकणात पावसाळ्यात लाईट किती जाते ते तुला सांगायला नको. निसर्ग वादळ आठव, ३ जून २०२०, दापोली मंडणगड भागात कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, मोबाईलचे टॉवर पण डिझेल संपल्यावर गप्प झाले.

आता याचा अर्थ तांब्यालाच चिकटून बसा असा नाही हो. एक्स्चेंजची बॅटरी पण शेवटी बॅटरीच, तिथल्या जनरेटरला डिझेल नसेल तर ती पण संपते. आणि तांब्यात पाणी शिरलं की खरखर, वीज चमकली की सगळं वायरीतून थेट घरात येतं, किती फोन आणि मोडेम जळालेले बघितलेत मी. काचेतून वीज घरात येत नाही हा फायबरचा मोठा फायदा आहे. पण तांब्याचे जॉइंट काढणारी माणसंच आता राहिली नाहीत, म्हणून लाईन बिघडली की महिनाभर तशीच पडते, दोष वायरीचा नाही.

फायबर घ्यायचाच तर दोन गोष्टी बघ. एक, घरात राउटरसाठी छोटा यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर चालू ठेवणारी बॅटरी, घे, बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात पण अडाप्टरवर लिहिलेलं वाचून मगच घे, व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही. राउटर आणि फायबरचा डबा वेगवेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप लागेल, एकालाच दिलास तर उपयोग शून्य. दुसरी गोष्ट कोणी विचारत नाही. त्या केबलवाल्याला विचार की तुझं मशीन, ज्यातून घरोघरी फायबर जातो ते, कुठे ठेवलंय आणि तिथे बॅटरी आहे का. बऱ्याचदा ते कोणाच्या तरी दुकानाच्या माळ्यावर असतं, तिथली लाईट गेली की तुझ्या घरी यूपीएस असून पण फोन बंद. आणि वायर झाडांवरून नेली असेल तर वांदर आलेच, लोंबकळून तोडतात मेले.

गुहागरची_लेक:
काका हे तर माहीतच नव्हतं. बरं नंबरचं काय? तोच नंबर तीस वर्षं सगळ्यांकडे आहे, बँकेत, एलआयसीत, मुंबईच्या सगळ्या नातेवाईकांकडे.

मिरजेचा_बाळू:
ताई इथे मी फसलोय म्हणून सांगतो. मोबाईलचा नंबर कंपनी बदलली तरी तोच ठेवता येतो, ते देशभर जानेवारी २०११ पासून चालू आहे, पण लँडलाईनला ती सोय नाहीये. आम्ही एका कंपनीतून दुसरीकडे गेलो तेव्हा दारावर आलेला पोरगा म्हणाला "नंबर येईल ना सर, पंधरा दिवसांत" आणि आम्ही विश्वास ठेवला. आलाच नाही. वडिलांचा १९८९ चा नंबर गेला, वडील दोन दिवस जेवले नाहीत नीट, मी अतिशयोक्ती करत नाहीये. त्याच कंपनीत तांब्यावरून फायबरला गेलात तर जुना नंबर बहुतेक वेळा ठेवता येतो, पण ते अर्जात सांगावं लागतं, नाहीतर ते नवा नंबर देऊन मोकळे.

आणि डिपॉझिट! जुना फोन बंद करताना डिपॉझिट परत मिळतं हे लोक विसरतातच. नुसतं बिल भरणं थांबवलं तर फोन आपोआप बंद होतो खरा पण बिलं साचत जातात आणि डिपॉझिट त्यातच वळतं करून घेतात. रीतसर अर्ज द्यायचा, फोनचा डबा परत द्यायचा, पोच घ्यायची, बँकेचा कॅन्सल चेक लावायचा. फोन आजोबांच्या नावावर असेल आणि आजोबा नसतील तर आधी नाव बदलून घ्या, नाहीतर तो चेक आजोबांच्याच नावाने येतो. आमचा आला.

मला पैसे मिळायला सात महिने लागले. आधी नुसते फोन करत बसलो, काही झालं नाही. तक्रार केली की त्यांना डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, द्यावाच लागतो, तो घ्या. तिथे काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अथॉरिटीकडे जायचं, फी नाही काही, ३९ दिवसांत निकाल द्यायचा नियम आहे. ट्रायला, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाला, पत्र लिहून उपयोग नाही, ट्राय एकेकाची तक्रार सोडवत नाही, मी दोन पत्रं लिहून हे शिकलो. त्यापुढे ग्राहक आयोग आहे, कंपन्या आधी म्हणायच्या की टेलिफोनची केस तिथे चालत नाही पण २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चालते. मला तिथवर जायला लागलं नाही, अपील टाकल्यावर हललं.

सासवडची_सुगरण:
आमच्या सासूबाईंसाठी आम्ही तिसराच मार्ग काढला. दिसायला लँडलाईनसारखा फोन मिळतो, टेबलावर ठेवायचा, मोठी बटणं, पण आत सिमकार्ड आणि बॅटरी, लाईट गेली तरी चालतो. त्यात फक्त बोलायचं पॅक टाकायचं. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं की ज्याला नेट नको त्याला नुसतं कॉल आणि एसएमएसचं रिचार्ज द्या, तशी २०२५ च्या जानेवारीत आली, ८४ दिवसांना साडेचारशे-पावणेपाचशेच्या आसपास. म्हणजे वर्षाला दोन हजाराच्या जवळपास काम. ही पॅकं ॲपवर शोधावी लागतात हं, कोपऱ्यात ठेवलेली असतात, वरती सगळी नेटवालीच दाखवतात.

फसायची जागा एकच, स्वस्तातला २जी वाला फोन घेऊन त्यात जिओचं सिम घालू नका, जिओला २जी नाहीच, चालणार नाही. ४जी व्होल्टी, म्हणजे ४जी वरूनच बोलणं होतं असं, लिहिलेला घ्या. आमचा पहिला फोन असाच वाया गेला, नवऱ्याने ऑनलाईन मागवला होता, मी काही बोलले नाही 🙂 तुमच्याकडे मात्र घरात रेंज नाही म्हणताय, पण काही फोनला वायरची अँटेना येते, ती खिडकीबाहेर काढून एखादा दिवस बघा. दुसऱ्या कंपनीचं सिम पण लावून बघा, फणसाखाली एकीची रेंज आणि माजघरात दुसरीची असं होतं कोकणात.

जुना_लाईनमन:
सुगरणबाईंचं बरोबर. आणि एक राहिलं, लँडलाईनवरून मोबाईलला लावताना १५ जानेवारी २०२१ पासून आधी शून्य लावावा लागतो. म्हातारी माणसं म्हणतात फोन बिघडलाय, बिघडलेला नसतो. डायरीतले नंबर शून्य घालून मोठ्या अक्षरात परत लिहून दे, फायबरच्या फोनला पण तेच.

हिशेबनीस:
आईबाबांना हे पण सांगून ठेवा की "ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा फोन बंद होणार, नऊ दाबा" असा फोन आला तर ठेवून द्यायचा. लँडलाईनवर पण येतात, आणि घरी बसलेली माणसं घाबरून नऊ दाबतात. ट्राय कोणाला फोन करत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला लावा, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन. जाहिरातीचे फोन नको असतील तर त्याच लँडलाईनवरून १९०९ ला लावा.

गुहागरची_लेक:
सगळ्यांना खरंच थँक्यू. त्या मुलाला आज फोन करून विचारलं की लाईट गेल्यावर काय आणि तुमचं मशीन कुठे आहे, तो म्हणाला साहेबांना विचारून सांगतो, अजून सांगितलेलं नाही 😀 सध्या असं ठरवलंय, जुना लाईन गणपतीपर्यंत ठेवायचा, मी गावी जाईन तेव्हा सिमवाला फोन घेऊन जाते आणि दोन-तीन कंपन्यांची सिमं घरात फिरवून बघते. लागलाच तर आईचा मोबाईल रिचार्ज बंद, ती तसाही वापरत नाही. नाही लागला तर आत्ता ज्यांचा फोन आहे त्यांच्याकडूनच फायबर आणि यूपीएस, महिन्याच्या पैशावर. बाबांची एकच अट आहे, नंबर तोच राहील असं त्यांच्याकडून लिहून आण म्हणतात.

जुना_लाईनमन:
तसं लिहून कोणी देत नाही गं. अर्जावर जुना नंबर स्वतःच्या हाताने लिही, पोच घे, त्यावर तोच नंबर छापलाय का बघ आणि मगच वायरवाल्याला घरात घे. जुनी वायर तोपर्यंत कापू देऊ नको.