कॉम्प्युटरवर सारखे व्हायरसचे मेसेज येतात, २० तारखेच्या आत नीट व्हायला हवा. मदत हवी आहे

मृदुला_जुळेसोलापूर
घरच्या कॉम्प्युटरला काहीतरी झालंय. उजव्या कोपऱ्यात खाली एकामागून एक मेसेज येतात, व्हायरस सापडला, लगेच साफ करा, वगैरे. काही शोधायला गेलं की भलतीच साइट उघडते. बंद करून चालू केला, तरी तेच. दिरांच्या टॉवेल कारखान्याचं जीएसटी मीच घरून भरते. ३बी ची, म्हणजे दर महिन्याच्या जीएसटी रिटर्नची, तारीख २० आहे आणि निम्मी बिलं अजून टाकायचीत. कोणतं सॉफ्टवेअर टाकलं की हे जाईल तेवढं सांगा, फुकटचं असेल तर लिंक द्या. दुकानात न्यायला वेळ नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस
ताई, आधी थोडी माहिती द्या. विंडोज कोणतं? ब्राउझर कोणता? ब्राउझर बंद असतानाही मेसेज येतात का? त्या मेसेजमध्ये फोन नंबर होता का, आणि घरात कोणी त्यावर क्लिक किंवा फोन केला का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पार्कचौक
विकतचा अँटिव्हायरस घ्या, विषय संपला. नव्या पेठेत कुठल्याही दुकानात बॉक्स मिळेल. माझ्याकडे कायम विकतचाच असतो आणि आजवर काही झालेलं नाही.

मृदुला_जुळेसोलापूर
विंडोज जे सगळ्यांकडे असतं तेच. क्रोम वापरते. हो, क्रोम बंद केलं तरी येतात. दुकानात जायला वेळ नाही असं वर लिहिलंय.

हुतात्मा_एक्सप्रेस
विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत विनव्हर लिहून एंटर मारा. तिथे १० आहे की ११ ते दिसेल.

तोवर हे करा. कोपऱ्यातले मेसेज बहुतेक व्हायरसचे नसतातच, ती वेबसाइटची नोटिफिकेशन्स असतात. एखादी साइट ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’ म्हणते आणि तो अलाऊ खरं तर नोटिफिकेशनच्या परवानगीचा असतो. क्रोम मागे चालू राहतं म्हणून खिडकी बंद केली तरी ते येत राहतात. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. ओळखीची नसलेली प्रत्येक साइट काढून टाका.

शोध दुसरीकडे वळतोय ते मात्र वेगळं प्रकरण, ते बहुतेक एक्स्टेन्शनमुळे, म्हणजे क्रोमला जोडलेल्या एखाद्या छोट्या ॲपमुळे. एक्स्टेन्शनची यादी उघडून त्यात काय काय आहे ते इथे लिहा. आणि क्रोमच्या मेनूत अगदी खाली ‘तुमची संस्था हा ब्राउझर चालवते’ अशा अर्थाची ओळ आहे का बघा. घरच्या कॉम्प्युटरवर ती असायचं काही कारण नाही. काही अँटिव्हायरसमुळेही ती दिसते, पण तसा अँटिव्हायरस नसेल तर बाहेरच्या कोणीतरी क्रोमवर पॉलिसी, म्हणजे वरून लावलेला नियम, लादली आहे असं समजा.

होटगीरोड
मृदुलाताई, कॅबिनेट उघडून धूळ काढली का? आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. पंख्यात कापसाचं बारीक तूस अडकलं की प्रोसेसर तापतो आणि मशीन मंद होतं. कारखान्याच्या जवळ घर असेल तर जास्तच. थर्मल पेस्ट बदलून घ्या. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर बेअरिंग जातं.

भुईकोट
कॉम्प्युटर मंद आहे असं त्या कुठे म्हणाल्या?

माझं मत स्पष्ट आहे, विंडोज काढून त्याजागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाका. विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमच्या घरी आई-वडील दोघंही मिंट वापरतात. मेल, बँक, यूट्यूब सगळं चालतं आणि ही असली भानगड कधी झाली नाही.

सातरस्ता
आणि टॅली? छोट्या कारखान्याचे हिशेब घरी म्हणजे टॅली असणारच. लिनक्सवर ते चालवायला खटपट करावी लागते. वीस तारीख तोंडावर असताना बाईंना नवी सिस्टीम शिकवताय होय?

भुईकोट
जीएसटीचं पोर्टल ब्राउझरमध्ये चालतं. त्यासाठी विंडोज लागतच नाही.

मृदुला_जुळेसोलापूर
विंडोज १० आहे. टॅली आहे, आणि ते सोडून चालणार नाही.

नोटिफिकेशन्समध्ये सात-आठ अनोळखी साइट निघाल्या, सगळ्या उडवल्या. एक्स्टेन्शन तीन आहेत: एक जाहिराती अडवणारं, एक मराठी टायपिंगचं आणि एक पीडीएफ जोडायचं. पीडीएफवालं मी टाकलेलं नाही. त्याच्या माहितीत ‘सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे’ असं लिहिलंय. संस्थेची ती ओळ पण आहे. आता काय करू?

हुतात्मा_एक्सप्रेस
पीडीएफवालं काढा. सर्व साइटवरचा डेटा वाचायची परवानगी म्हणजे तुम्ही बँकेच्या पानावर जे टाइप करता तेही त्याला दिसू शकतं. जाहिराती अडवणाऱ्यालाही हीच परवानगी लागते, म्हणून परवानगी कोणाच्या हातात आहे हे बघायचं. चांगलं एक्स्टेन्शनही विकलं जाऊ शकतं. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचं लाखो लोक वापरत होते. २०२० मध्ये ते दुसऱ्या मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) म्हणून बंद केलं.

रिमूव्हचं बटण चालत नसेल तर ते पॉलिसीने बसवलेलं आहे. ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि पॉलिसी लिहा. तिथे काय दिसतं ते सांगा.

पार्कचौक
एवढं करण्यापेक्षा सीक्लीनर टाका, एका क्लिकमध्ये सगळा कचरा साफ. आणि वर अँटिव्हायरस.

हुतात्मा_एक्सप्रेस
सीक्लीनरचं काम तात्पुरत्या फायली पुसण्याचं आहे, स्पायवेअर, म्हणजे चोरून माहिती नेणारं सॉफ्टवेअर, काढण्याचं नाही. २०१७ मध्ये त्याच्याच ५.३३ आवृत्तीत हल्लेखोरांनी मालवेअर घुसवलं होतं आणि ती वीस लाखांहून जास्त लोकांकडे गेली. आता ते दुरुस्त झालंय, पण प्रत्येक दुखण्यावर नवं सॉफ्टवेअर टाकत सुटणं हा उपाय नव्हे. विंडोजमध्ये त्याचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आहेच. विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समध्ये ऑफलाइन स्कॅन आहे. त्यात मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात. विकतचा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, दोन्ही एकदम चालत नाहीत.

पार्कचौक
मग विकतचं घेणारे सगळे मूर्ख का? फुकटच्या गोष्टीवर हिशेबाचा कॉम्प्युटर सोडायला मी तरी कोणाला सांगणार नाही.

मृदुला_जुळेसोलापूर
रिमूव्ह दाबल्यावर ते गेलं! पॉलिसीच्या पानावर फक्त शोधाची साइट ठरवणारी एक ओळ होती. भाच्याने फोनवर सांगून ती रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदीतून, काढली. आता शोध नीट गूगलवर जातोय. सगळ्यांचे आभार. ३बी भरायला बसते.

शेंगाचटणी
याच धाग्यात विचारते, मुलगी अकरावीला आहे, चाळीस हजारांत लॅपटॉप कोणता घ्यावा?

हुतात्मा_एक्सप्रेस
शेंगाचटणी, नवा धागा काढा, तिथे नक्की लिहितो.

मृदुलाताई, बसू नका अजून. फोन नंबरचं उत्तर राहिलंय. मेसेजमध्ये नंबर होता का आणि कोणी लावला का? घरात सगळ्यांना विचारा. कॉम्प्युटर अजून कोण वापरतं?

मृदुला_जुळेसोलापूर
माझे सासरे वापरतात, आण्णा. दुपारी बातम्या वाचतात, पंचांग बघतात. विचारून येते.

मृदुला_जुळेसोलापूर
आण्णांनी फोन केला होता. मागच्या आठवड्यात स्क्रीन पूर्ण भरून मेसेज आला, मोठा आवाज येत होता आणि बंद होईना, म्हणून त्यांनी त्यातला नंबर लावला. समोरच्या माणसाने मोठ्या कंपनीचं नाव सांगितलं, हिंदीत बोलत होता. त्याने एक ॲप टाकायला लावलं आणि त्यातून स्वतःच माउस हलवत होता. मग लायसन्सचे पैसे मागितले, कार्डाचा नंबर मागितला. आण्णांनी नाही म्हणून फोन ठेवला. कोणाला सांगितलं नाही, कारण आपल्यामुळे बिघडला असं वाटलं. ते ॲप अजून आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये दिसतंय.

हुतात्मा_एक्सप्रेस
इंटरनेटची वायर काढा. वायफाय असेल तर राउटर बंद करा. आत्ता, हे वाचताय त्या क्षणी. बाकीचं मोबाइलच्या नेटवरून वाचा.

अशी ॲप मशीन चालू होताना आपोआप सुरू होतात आणि समोरच्याने पासवर्ड लावून ठेवला असेल तर तुम्ही हो न म्हणताही तो आत येऊ शकतो. आण्णांनी कार्ड नंबर दिला नाही हे फार चांगलं केलं. पण माउस त्याच्या हातात असताना त्याने अजून काय टाकलं ते आपल्याला दिसणार नाही. ते पीडीएफवालं तेव्हाच आलं असण्याची दाट शक्यता आहे.

क्रोममध्ये पासवर्ड साठवलेत का? बँकेचे?

मृदुला_जुळेसोलापूर
नेट काढलं. हो, साठवलेत. कारखान्याच्या खात्याचा, माझा आणि जीएसटीचा पण.

सातरस्ता
मी कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करतो, माझं ऐका. बँकेच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा आणि नेटबँकिंग बंद करायला सांगा. नंबर बँकेच्या पासबुकावरचा किंवा कार्डाच्या पाठीमागचा घ्या. गूगलवर शोधू नका, तिथेही खोटे नंबर असतात. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकापासूनचा नियम आहे. ग्राहकाकडून माहिती गेली असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेच्या माथी. म्हणून कळवल्याची वेळ महत्त्वाची.

पैसे गेलेले दिसले तर तासाभराची वाट न बघता सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० या नंबरवर, फोन करा.

हुतात्मा_एक्सप्रेस
सातरस्ता म्हणतात ते आधी. मग पासवर्ड बदला, पण त्या कॉम्प्युटरवरून नाही, मोबाइलवरून. पहिला जीमेलचा, कारण बाकी बहुतेकांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. मग बँक, मग जीएसटी. गूगल खात्याच्या सिक्युरिटीत ‘तुमची डिव्हाइस’ आहे, तिथून त्या कॉम्प्युटरला साइन आउट करा. हे सोडू नका. स्पायवेअर पासवर्डबरोबर ब्राउझरच्या कुकीही (लॉगिन झाल्याची खूण ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) नेतो, आणि चालू लॉगिनची कुकी हातात असेल तर पासवर्ड आणि ओटीपी न विचारता खातं उघडतं.

भुईकोट
हिशेबाचं मशीन आहे, आता साफसफाई पुरे. रीसेट करा.

पार्कचौक
रीसेट केलं तर टॅलीचा डेटा जाईल. अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन केलं की पुरे. मी हेच करतो.

हुतात्मा_एक्सप्रेस
इथे मी भुईकोटांच्या बाजूने. अनोळखी माणूस मशीनवर बसून गेलाय. स्कॅनला काही सापडलं नाही म्हणजे काही नाही असं होत नाही. विंडोज कोरं करून टाका, ‘फायली ठेवा’ हा पर्याय नको. आणि क्रोममध्ये पुन्हा लॉगिन केलं की लगेच एक्स्टेन्शनची यादी बघा, कारण ते पीडीएफ एक्स्टेन्शन सिंकमध्ये, म्हणजे गूगल खात्यात जपलेल्या यादीत, राहिलं असेल तर कोऱ्या विंडोजवर ते स्वतःच परत येतं.

विंडोज १० च चालवणार असाल तर मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अपडेटची मुदतवाढ घ्या, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. आणि आण्णांना वेगळं खातं काढून द्या, स्टँडर्ड प्रकारचं. त्यात बहुतेक सॉफ्टवेअर बसवायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो.

मृदुला_जुळेसोलापूर
पण २० तारीख? सगळं कोरं करून टॅली टाकेपर्यंत तारीख जाईल.

सातरस्ता
३बी ला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी आणि भरायच्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज. एक-दोन दिवसांचं ते किती होईल ते काढा आणि खात्यातल्या रकमेशी ताडून बघा. शिवाय उशीर व्हायलाच हवा असं नाही. तुमच्या सीएंच्या ऑफिसातून भरा. ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येतो.

होटगीरोड
रीसेट करतच आहात तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा, कॅबिनेट उघडलेलं असेलच. धूळही निघेल.

निवृत्त_मास्तर
मी आण्णांच्या वयाचा आहे. सुनेला सांगतो, त्यांना रागावू नका. तो आवाज आणि लाल स्क्रीन पाहून माझाही हात फोनकडे गेला होता, नातू शेजारी होता म्हणून वाचलो. त्यांना एवढं समजावून ठेवा: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. आणि तसा स्क्रीन पुन्हा आला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून उघडणाऱ्या टास्क मॅनेजरमधून क्रोम बंद करता येतं. तेही नाही जमलं तर बटण दाबून कॉम्प्युटरच बंद करायचा. मी मॉनिटरवर कागद चिकटवून ठेवलाय.

मृदुला_जुळेसोलापूर
बँकेने दोन्ही खात्यांचं नेटबँकिंग थांबवलं, तक्रार क्रमांक मिळाला. पैसे सगळे जागेवर आहेत. जीमेलचा पासवर्ड बदलला, घरच्या कॉम्प्युटरला साइन आउट केलं. दीर उद्या बिलं घेऊन सीएंकडे जातायत. आण्णांना मास्तरांची पोस्ट वाचून दाखवली, ते कागद लिहायला बसलेत.

शेवटचं विचारते. रीसेटच्या आधी टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर घेतला तर त्यातून ती घाण परत येईल का? बॅकअप नवा नाहीये.

हुतात्मा_एक्सप्रेस
फक्त टॅलीचा कंपनी डेटाचा फोल्डर आणि बिलांच्या पीडीएफ घ्या. एकही सेटअप फाइल, एकही ॲप कॉपी करू नका. टॅलीचा सेटअपही त्यांच्या साइटवरून नवा उतरवा. पेनड्राइव्ह रिकामा करूनच लावा आणि नेट बंदच ठेवा. कोऱ्या विंडोजवर आधी अपडेट्स, मग त्या पेनड्राइव्हचं डिफेंडरने स्कॅन, मग डेटा आत. रीसेट करताना अडलं तर इथेच लिहा, मी रात्री जागा आहे.

सातरस्ता
टॅलीचं लायसन्स रीसेटच्या आधी सरेंडर, म्हणजे टॅलीकडे परत जमा, करून घ्या, नाहीतर नंतर ॲक्टिव्हेट करताना अडकाल. त्याला नेट लागतं, म्हणून आण्णांना टाकायला लावलेलं, दूरवरून कॉम्प्युटर चालवायचं ते ॲप आधी अनइन्स्टॉल करा, मग दोन मिनिटांपुरतं नेट जोडा आणि सरेंडर झालं की लगेच काढा.