मदत हवी आहे: रेंज नसताना केलेल्या नोंदी जुळवायच्या कशा?

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत बीएससी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी मिरकरवाडा बंदरावरच्या मासळी लिलावाच्या नोंदींचं ॲप करतेय. रेंज कधीही जाते, म्हणून नोंद आधी फोनमधल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवते, रेंज आली की सर्व्हरवर पाठवते. दोन फोनांवर एकच आयडी पडू नये म्हणून 128 बिटांचा यूयूआयडी (सहसा पुन्हा न येणारा ओळख क्रमांक) घेतलाय. तिथवर ठीक.

अडलंय पुढे. सुरमईच्या एकाच टोपलीचा भाव दोघांनी ऑफलाइन असताना बदलला, तर खरा कुठला धरायचा? शेवटची वेळ बघावी, तर फोनची घड्याळं पुढेमागे असतात. आणि शेवटी कुणाच्या तरी कष्टाचे पैसे आहेत हे. जुनी नोंद न पुसता प्रत्येक बदल वेगळी ओळ म्हणून ठेवू, की प्रत्येक बदलाला वाढता व्हर्जन नंबर लावून, दोन बदल भिडले तर निवाडा माणसावर सोपवू? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर प्लीज सांगा.