टाकीखालचे आग्या मोहोळ आणि खिडकीतले गांधीलमाश्यांचे पोळे सुरक्षितपणे कसे काढावे?

प्रश्न (चोपडा तालुका)

आमच्या गच्चीवरील सिमेंटच्या पाण्याच्या टाकीच्या तळाला दिवाळीनंतर आग्या मोहोळ लागले आणि आता ते सुपाएवढे झाले आहे. शिवाय जिन्याच्या खिडकीच्या झडपेमागे गांधीलमाश्यांनी मुठीएवढे करडे पोळे केले आहे. वैशाखात धाकट्या बहिणीचे लग्न असून मांडव अंगणातच पडेल, म्हणजे बँड, फटाके आणि रोषणाई हे सारे त्या टाकीच्या बरोबर खाली येईल. भाऊबंद म्हणतात की बांबूला चिंध्या बांधून, रॉकेलात भिजवून एका रात्रीत मोहोळ जाळून टाकू. परंतु घरात सत्तरीची आई आहे आणि शेजारी तान्हे बाळ आहे, त्यामुळे मला ते पटत नाही. दोन्हींना एकच उपाय चालतो का?

उत्तर (मधपाळ, धुळे)

एकच उपाय चालत नाही. गांधीलमाशीचे पोळे लाकडाचा भुगा चावून केलेल्या कागदासारख्या लगद्याचे असते, त्यात मध नसतो आणि मुठीएवढ्या पोळ्यात माश्याही थोड्याच असतात. अंधार पडल्यावर त्या पोळ्यावर स्वस्थ बसतात, तेव्हा अंग पूर्ण झाकलेल्या जाणत्या माणसाने ते पिशवीत घेऊन देठापासून खरवडून काढावे. हे काम लवकर करावे, कारण पोळे वाढत जाते. कोपऱ्यात कुंभारमाशीचे मातीचे घर दिसले, तर मात्र ते राहू द्यावे. ती अंगावर धावून येत नाही.

आग्याचे काम घरच्यांनी मुळीच करू नये. मोहोळ पेटवले, की जळत्या माश्या खाली पडतात, उरलेल्या उजेडाच्या रोखाने माणसांवर येतात, आणि आग्या माशी चांदण्या रात्रीही उडते. म्हणून जाणकार मध काढणारे अमावास्येच्या आसपासची रात्र निवडतात, घरातले आणि आजूबाजूचे सगळे दिवे बंद करायला लावतात व विजेरीवर लाल कागद बांधतात, कारण लाल रंग माशीला दिसत नाही. संथ धुराने माश्या बाजूला सरकल्यावर पोळे कापले जाते. नुसता मधाचा भाग कापला तर वसाहत तिथेच राहते; हलवायची असेल, तर अंडी-पिल्लांचा भागही काढावा लागतो. मला ते करताना दर वेळी वाईट वाटते, म्हणून लग्नाची अडचण नसती तर फुलोरा संपेपर्यंत थांबा असेच सांगितले असते, कारण त्यानंतर आग्या पोळे सोडून आपणहून स्थलांतर करते.

माणूस मिळत नसेल, तर जिल्ह्याच्या खादी व ग्रामोद्योग कार्यालयात मधपाळांची चौकशी करावी. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तेथेही विचारता येईल.

उत्तर (रावेर)

आमच्या जुन्या धाब्याच्या घरात सागवानी कड्यांच्या पोकळीत सातेरी, म्हणजे पोकळीत पोळी करणाऱ्या जातीच्या मधमाश्या होत्या. आम्ही त्यात कीटकनाशक भुकटी टाकली आणि भोक सिमेंटने बुजवले. आठ दिवसांत मेलेल्या माश्यांचा कुजका वास घरभर पसरला, मध पाझरून खालच्या गादीवर ठिबकू लागला, आणि मुंग्यांची रांग देवघरापर्यंत गेली. शेवटी फळी उचकटावी लागली. तो विषारी मध पुरून टाकला. दोन वर्षांनी पुन्हा माश्या आल्या, तेव्हा मधपाळाला बोलावले. त्याने एकेक पोळे कापून लाकडी चौकटीत बसवले, केळीच्या सोपटाच्या दोरीने बांधले आणि राणीमाशीसह सारी वसाहत पेटीत नेली. पोकळीतले मेण पूर्ण खरवडल्यावरच आम्ही ती बुजवली.

उत्तर (डॉक्टर, शिरपूर)

मधमाशीचा काटा कातडीत रुतून राहतो आणि त्यातून विष उतरत राहते. तो नखाने किंवा चिमट्याने, जसा निघेल तसा, ताबडतोब काढावा. त्या जागेतून सुटणारा गंध पिकल्या केळासारखा असतो आणि तो इतर माश्यांना त्याच माणसाकडे ओढतो, म्हणून तिथे उभे राहून हात झटकत बसू नये. तोंड झाकून पळावे आणि बंद खोलीत शिरावे. विहिरीत उडी टाकू नये, माश्या वर घिरट्या घालत राहतात. अंगभर गांधी उठल्या, ओठ किंवा घसा सुजला, धाप लागली किंवा चक्कर आली, तर 108 वर फोन करून तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे अॅड्रेनलिनचे इंजेक्शन देतात. अनेक डंख बसले असतील, तर बरे वाटत असले तरी मूत्रपिंडांची तपासणी करून घ्यावी.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. भाऊबंदांना हे वाचून दाखवले. पाडव्याआधीच्या अमावास्येला मधपाळ येणार आहेत. आई आणि शेजारचे बाळ त्या रात्री मामांकडे राहतील. पुढच्या वर्षी मोहोळ पुन्हा तिथेच बसेल का?

मधपाळ, धुळे

मेणाचा वास राहिला, तर बसण्याची शक्यता मोठी आहे. दुसऱ्या दिवशी माश्या गेल्याची खात्री करून टाकीचा तळ पत्र्याने खरवडावा, धुवावा, चुना द्यावा आणि खालून बारीक जाळी ताणून बांधावी.