दोन डोस, लोकलचा पास आणि ‘त्यांना आधीच शुगर होती’

चौथी_सीट

गणपतीत सगळे नातेवाईक जमले होते. मोदक संपायच्या आत विषय कोविडवर गेला आणि आमच्या दिरांनी जाहीर करून टाकलं की २०२१ ची लोकलची सक्ती म्हणजे निव्वळ हुकूमशाही होती. विसरला असाल तर सांगते. त्या एप्रिलमध्ये सामान्यांना लोकल पुन्हा बंद झाली, ती १५ ऑगस्टला उघडली. पण दुसरा डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांनाच. तेही मासिक पासावर, सुटं तिकीट मिळत नव्हतं. स्टेशनाबाहेर टेबल टाकून पालिकेची माणसं सर्टिफिकेट बघत आणि शिक्का मारून देत.

मी त्या सक्तीच्या बाजूची आहे. माझ्या नवऱ्याचं २०१७ साली किडनी ट्रान्सप्लांट झालं. शरीराने ती किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, सकाळी नऊ आणि रात्री नऊ, गजर लावून. घर बदलापूरला, नोकरी फोर्टात, आणि काम घरून होण्यातलं नाही. तिघांच्या बाकावर चौथा टेकतो तेव्हा त्याचा खांदा तुमच्या खांद्यात रुततो आणि त्याचा श्वास तुमच्या कानाशी असतो. त्या चौथ्याने लस घेतली की नाही, हा फक्त त्याचा प्रश्न कसा?

दीर म्हणाले, “मग अशा माणसाने घरी बसावं.” आठ महिने घरीच बसलो होतो. बिनपगारी.

ठाकुर्लीचा_पोऱ्या

ताई, दिरांचं ते वाक्य वाईटच. पण तारखा एकदा मांडून बघा.

१८ ते ४४ ला लस १ मेपासून खुली झाली आणि पंधरवड्याच्या आत राज्याने थांबवली, कारण साठाच नव्हता. माझा भाऊ २४ वर्षांचा, मस्जिद बंदरला सुक्यामेव्याच्या दुकानात. ॲपवर स्लॉट उघडायचा आणि ओटीपी येईपर्यंत संपायचा. शेवटी २४ जूनला पहिला डोस मिळाला. कोविशिल्डचं अंतर ८४ दिवसांचं, म्हणजे दुसरा १६ सप्टेंबरला. वर १४ दिवस. पास कधी? ३० सप्टेंबरला.

त्याने लस नाकारली नव्हती हो. रांगेत उभा होता. अंतर सरकारने ठरवलं, साठा सरकारकडे नव्हता आणि लोकलबाहेर ठेवलं भावाला. दीड महिना डोंबिवलीहून बसने ठाणे, तिथून बेस्ट, एका बाजूला अडीच तास. बसमध्ये त्याला कोणी सर्टिफिकेट विचारलं नाही. व्हायरस बहुतेक फक्त रेल्वेने फिरत असावा. एकदा कंटाळून विनापास गेला तर दादरला पाचशेची पावती फाडून आला. त्याची दोन दिवसांची कमाई होती ती.

निवांत_नाना

शाब्बास. आणि मुळात भीती केवढी वाढवली होती! पालिकेच्या रोजच्या पत्रकातच असायचं, मृतांपैकी इतक्या रुग्णांना ‘काही दीर्घकालीन आजार होते’. ज्यांना बीपी-शुगर होती ते गेले. त्यासाठी धडधाकट माणसांना कोंडून काय मिळवलं? मी स्वतः दोन्ही डोस घेतलेत, तेव्हा मला लसविरोधक म्हणू नका. माझा आक्षेप दंडुक्याला आहे. पुण्यात प्लेगच्या वेळी इंग्रज प्लेग अधिकारी रँडने हेच केलं, आणि ज्या १८९७ च्या साथरोग कायद्याच्या काळातलं ते, तोच कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला.

रात्रपाळी

नाना, मी तेव्हा कोविड वॉर्डात रेसिडेंट होते. मृत्यूच्या कारणाचा फॉर्म ४ मी इतक्या वेळा भरलाय की झोपेतही भरेन. त्याचे दोन भाग असतात. पहिल्यात मृत्यूपर्यंत नेणारी साखळी: श्वसन निकामी झालं, ते न्यूमोनियामुळे, न्यूमोनिया कोविडमुळे. शुगर, बीपी दुसऱ्या भागात, हातभार लावणारे आजार म्हणून. मूळ कारण म्हणून सहव्याधी, म्हणजे आधीपासूनचे आजार, धरू नका, हे आयसीएमआरने (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्येच लेखी दिलं होतं.

माझ्याकडे एक रिक्षावाले होते, ५२ वर्षांचे. पंधरा वर्षांची शुगर, गोळ्या घेऊन रोज दहा-बारा तास रिक्षा चालवायचे. नवव्या दिवशी गेले. बायकोला पहिला फोन नातेवाइकाचा आला: “त्यांना शुगर होतीच ना?” त्या शुगरने ते त्या आठवड्यात मेले नसते. एवढंच म्हणायचंय मला.

गंमत अशी, की मार्च २०२१ मध्ये ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधीवाल्यांनाच लस खुली होती, तेव्हा ओपीडीबाहेर रांग लागायची. “डॉक्टर, काहीतरी लिहून द्या ना.” जिवंतपणी आजाराचा दाखला मिळावा म्हणून धडपड, आणि मेल्यावर खापर त्याच आजारावर.

रँडचं म्हणाल तर गोरे सोजिर लोकांच्या देवघरात आणि माजघरात शिरत होते. क्यूआर कोड दाखवण्याची तुलना त्याच्याशी? आणि त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णाची सेवा करताना लागण होऊन गेल्या, १० मार्च १८९७ ला. प्लेगची गोष्ट सांगताना रँडच तेवढा आठवतो आपल्याला.

निवांत_नाना

सावित्रीबाईंनी कोणावर सक्ती केली नव्हती, डॉक्टरबाई. त्या स्वतः गेल्या. माझा मुद्दा तोच आहे.

(फॉर्मचं मला माहीत नव्हतं. ते मान्य.)

कलम_एकवीस

कायद्याचं थोडं. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने, न्या. नागेश्वर राव आणि न्या. गवई यांच्या खंडपीठाने, सांगितलं की शरीरावरचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, जगण्याच्या हक्कात, येतो, लस टोचून घ्यायला कोणालाही भाग पाडता येणार नाही. नाना इथवरच वाचणार. त्याच निकालात लसीकरणाचं धोरण मनमानी नाही असंही आहे, आणि साथीत लोकांच्या आरोग्यासाठी व्यक्तीवर मर्यादा घालता येतात, फक्त त्या प्रमाणात हव्यात, हेही आहे. चौथी_सीट ताई बहुधा हा भाग वाचतील. संसर्ग कमी असताना लस न घेतलेल्यांवर घातलेली बंधनं मात्र न्यायालयाला प्रमाणात वाटली नाहीत.

माझं स्वतःचं भांडण वेगळंच आहे. ते लोकलचे आदेश आपत्ती व्यवस्थापनाच्या राज्य कार्यकारी समितीने बसून, चर्चा करून काढायचे होते. काढले मुख्य सचिवांनी एकट्याने. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला यावरूनच धारेवर धरलं. लाखो माणसांची ये-जा बंद करताय आणि बैठकीचे मिनिट्स नाहीत? आमच्या सोसायटीत पाण्याची मोटर बदलायची तर तीन कोटेशन आणि ठराव लागतो.

चौथी_सीट

समिती बसेपर्यंत माणसं बसू शकली नसती, दादा. लाट कोणाचं कोरम बघत नाही.

कलम_एकवीस

मान्य, दुसऱ्या लाटेत. पण ऑगस्टमध्ये लाट ओसरली होती, आणि म्हणून तर लोकल उघडली. तेव्हा अर्धा दिवस बसायला काय हरकत होती? बसले असते तर त्या ८४ दिवसांचं गणित कोणीतरी टेबलावर मांडलं असतं.

ठाकुर्लीचा_पोऱ्या

एवढंच म्हणतोय मी. एक डोस आणि मास्क, किंवा कामाचं पत्र, काहीतरी वाट ठेवायची.

ताई, राग मानू नका, एक विचारतो. मिस्टरांना दोन डोसनंतर संरक्षण कितपत मिळालं होतं?

चौथी_सीट

राग कसला. जवळजवळ काहीच नाही. किडनीच्या डॉक्टरांनी अँटीबॉडी तपासायला लावल्या, रिपोर्टात नावापुरता आकडा. म्हणाले, लस घेतलीच नाही असं समजून वागा. त्या गोळ्यांवर असलेल्या बऱ्याच जणांचं असंच झालं.

शिक्का मात्र पहिल्याच दिवशी मिळाला. जांभळा, गोल. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त धोका ते पास घेऊन आत, आणि तुमचा भाऊ दादरला पावती फाडतोय. असं मी कधी समोरासमोर ठेवून बघितलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

पण मी सक्ती मागत होते ती त्यांच्यासाठी नव्हे, त्यांच्या आजूबाजूच्यांसाठी. ते माझं अजून तसंच आहे.

रात्रपाळी

आजूबाजूच्यांची लस उपयोगी होतीच, निदान डेल्टा व्हेरियंटपर्यंत. पण बंद डब्यात अशा पेशंटला त्याहून जास्त गरज होती ती इतरांच्या नाकावरच्या मास्कची. त्याची सक्ती तर कागदावर सगळ्यांनाच होती, डोस असो वा नसो.

ठाकुर्लीचा_पोऱ्या

मग ताई, मिस्टरांच्या बाकावर चौघांत किती मास्क असायचे?

चौथी_सीट

मी पहिल्या दिवशी सोबत गेले होते, म्हणून सांगू शकते. तिघांना होते. एकाचा हनुवटीवर. एकाने फोनवर बोलायला काढला तो सीएसएमटीपर्यंत लावलाच नाही. तिसरा आमच्या ह्यांचा.